घणावरचा काना

३ मार्च

चष्म्या,

सोडून दिलंस? त्या गोदामवाल्याला तू चक्क सोडून दिलंस? दोनशे अकरा पानं आम्ही त्याची पापं ऐकली. अनाथ पोरांच्या दुधात पाणी घातलं, म्हाताऱ्या चौकीदाराला जिन्यावरून ढकललं, वर त्याच्या बायकोला घराबाहेर काढलं. शेवटी तुझा तो घाण हातोडा उचलतो, गोदामवाला गुडघ्यांवर, इकडे आम्ही दहा जणी इस्त्र्या उभ्या करून श्वास रोखून बसलेल्या, आणि तो हातोडा खाली ठेवतो! "कायदा आहे," म्हणतो! अरे, कायदा होता तर मग तुझा घाण हवा कशाला होता? पहिल्याच पानावर पोलिसात जायचं, आमचे तीन आठवडे तरी वाचले असते.

माझ्या इस्त्रीखाली उशीची एक खोळ जळाली त्या ओळीला. तुझ्यामुळे.

आमच्याकडे वाचतात कसं हे तुला ठाऊक नाही, म्हणून सांगते, म्हणजे लाज वाटेल. लाँड्रीत आम्ही अकरा जणी. समोर हॉटेलांच्या चादरी, दवाखान्याचे डगले, डोंगराएवढे. दुपारी तीन वाजले की आमच्यातली सगळ्यात धाकटी उंच स्टुलावर चढून बसते आणि वाचते. तिला आम्ही रेडिओ म्हणतो. दहावी झालेली आहे, आवाज खणखणीत. तिच्या वाटणीचे कपडे आम्ही दहा जणी वाटून घेतो. म्हणजे तुझं पुस्तक ऐकायला प्रत्येकीला रोज बारा चादरी जास्तीच्या मारायला लागतात. बारा! आणि तू त्याला सोडून देतोस!

मी चौथीत शाळा सोडली तेव्हा तुझी आई माझ्या आईशी महिनाभर बोलत नव्हती. "पोरीला वाचू दे," म्हणायची मावशी. आता तिच्या पोराचं लिहिलेलं ऐकते तर हे असं. वर मी इथे सगळ्यांना सांगून बसले की लेखक माझा मावसभाऊ. कालपासून जेवायच्या सुट्टीत कुणी माझ्याकडे मीठसुद्धा सरकवत नाही.

पुढच्या पुस्तकात गोदामवाल्याला तुरुंगातून पळव, आणि मग काय करायचं ते नीट कर. आणि का सोडलंस ते आधी कळव.

ताई

८ मार्च

ताई,

पत्र मिळालं. बायकोनं ते मोठ्यानं वाचून दाखवलं, दोनदा. दुसऱ्यांदा हातवाऱ्यांसकट.

आधी एक छोटी गोष्ट. घण, ताई. घ आणि ण. तू पत्रभर घाण लिहिलं आहेस. दिवसभर छापखान्यात बसून लोकांचे काने-मात्रे तपासणारा माणूस आहे मी, माझ्या जिवाला त्रास होतो. एका कान्यानं माझा नायक थेट कचऱ्याच्या डब्यात गेला. आणि पुस्तकावर एवढ्या मोठ्या अक्षरात छापलंय की!

आता सोडलं का ते. एकोणीस पुस्तकांत घणानं त्रेचाळीस माणसं लोळवली. मी ती सगळी चहा पीत लोळवली. कधी काही वाटलं नाही. मागच्या महिन्यात पुस्तकाच्या दुकानात सही घ्यायला एक गृहस्थ आले. सत्तरीचे, छत्रीला टेकून उभे, इतके गोड की मी उठून खुर्ची दिली. सही घेतल्यावर त्यांनी घडी घातलेला कागद माझ्या हातात ठेवला. आत सात नावं. "घणाला द्या," म्हणाले. मी हसलो. ते हसले नाहीत. तिसऱ्या नावापुढे कंसात "धाकटा भाऊ" लिहिलं होतं. कुणी काय केलं, ते एकाही नावापुढे नव्हतं.

तेव्हापासून हातोडा वर गेला की मला तो कागद दिसतो. म्हणून ठेवला खाली.

पण तुला खरंच विचारतो. तू झुरळाला तोंडभर शिव्या देतेस आणि मग सुपलीत धरून अंगणात सोडून येतेस, हे मी लहानपणापासून बघतोय. मग माणसांचे गुडघे फुटलेले ऐकायला तुला का आवडतं? थट्टा नाही, मला कळत नाही म्हणून विचारतोय. एकोणीस पुस्तकं लिहूनही.

सोबत नव्या पुस्तकाची पानं पाठवतोय. एक ठेकेदार आहे, कच्चा पूल बांधणारा. हातोडा वर गेला आहे आणि मी तिथेच अडकलोय. शेवटचं प्रकरण लिहिलेलं नाही. तुम्ही अकरा जणींनी ऐका आणि सांगा, मारू की नको. हातानं लिहिलेली एकच प्रत आहे, वाफेपासून जपा.

तुझा
चष्म्या

२४ मार्च

चष्म्या,

पुस्तकावर हातोड्याचं चित्र असताना अक्षरं कोण बघत बसतं? बोलताना मी बरोबरच बोलते. लिहिताना हात जाईल तसा जाईल. तुझ्या छापखान्यातली नोकरी माझ्या पत्रावर करू नकोस.

का आवडतं विचारतोस, तर ऐक. मागच्या आठवड्यात हॉटेलातला माणूस चाळीस टेबलक्लॉथ परत घेऊन आला. डाग पडलेत म्हणाला. डाग सिगरेटचे होते, आंधळ्याला दिसले असते. पण तो माझ्यासमोर उभा राहून, "इस्त्री जळकी आहे तुमची." मी म्हणाले, चुकलं साहेब. दुसऱ्या दिवशी परत तेच, परत चुकलं साहेब. तिसऱ्या दिवशी मी त्यानं तोंड उघडायच्या आतच म्हणून टाकलं. माझं काही चुकलेलं नसताना तीन वेळा. ते घशात अडकून राहतं, खाली जात नाही, वर येत नाही. मग दुपारी तीनला रेडिओ स्टुलावर चढते, आणि घाण कुणातरी मस्तवाल माणसाला म्हणायला लावतो, "चुकलं." बस. माझ्या घशातलं उतरतं. चार वाजता मी पुन्हा माणसात.

आणि गुडघे फुटलेले कुणाला आवडतात रे? हातोडा पडला की रेडिओ पुढच्या चार ओळी गाळते. आम्हीच सांगून ठेवलंय. एकदा तिनं चुकून वाचल्या तर दोघींनी जेवण टाकलं. आम्हाला आवडतं ते त्याच्या आधीचं. आदल्या दिवशी घाण त्या माणसाच्या घरात चिठ्ठी ठेवतो ना, एकच शब्द, स्वतःचं नाव. मग त्या माणसाला दिवसभर खुर्चीत बसवत नाही, उभं राहवत नाही. ज्याला जन्मात कुणाची भीती वाटली नाही त्याला पहिल्यांदा वाटते. ते एवढं एक पान मला दे, बाकी पुस्तक तुझं तू ठेव.

आता वाईट बातमी. तुझी पानं गेली.

गुरुवारी सव्वातीनला मॅनेजर खाली उतरला. पाच वर्षांत दुपारचा कधी उतरला नव्हता. रेडिओच्या हातातून पानं काढून घेतली. ठेकेदार नुकताच पुलावरून गाडी घेऊन निघाला होता, आणि मॅनेजर म्हणतो, "ही करमणुकीची जागा आहे का?" पानं त्याच्या खणात, खणाला कुलूप. तेव्हापासून दुपारी नुसत्या इस्त्र्या आपटतायत.

चुगली कुणी केली तेही आम्हाला कळलंय. बॉयलरवाला. आमच्या भिंतीपलीकडे त्याचा बॉयलर. घुम्या माणूस, सात वर्षांत सात शब्द बोलला असेल. रोज तीन वाजता तो स्टूल ओढतो आणि आमच्या भिंतीला कान लावून बसतो, हे प्रत्येकीनं पाहिलंय. बुधवारी तो मॅनेजरच्या दारात टोपी हातात घेऊन उभा होता, ते मी ह्या डोळ्यांनी पाहिलं. गुरुवारी मॅनेजर खाली. अजून काय पुरावा पाहिजे? तुझ्या घाणाला तर ह्याच्या निम्म्यावर भागतं.

काळजी करू नकोस. त्याला कुणी हात लावणार नाही. जरा घाबरवायचा विचार आहे.

ताई

२७ मार्च

ताई,

काहीही करू नका!

माझी पानं गेली तर जाऊ देत. (खोटं बोलतोय. काल मी टेबलाखाली डोकं घालून बसलो होतो. पण खरंच जाऊ देत.) त्या माणसाला कुणी विचारलं का? नुसतं विचारलं, की बाबा, तू मॅनेजरकडे कशाला गेला होतास? दोन मिनिटांचं काम आहे. सात शब्दांत उत्तर देईल.

आणि माझा घण निम्म्या पुराव्यावर हातोडा उचलतो, हे तू कौतुकानं लिहिलंस की टोमणा मारलास ते मला कळलं नाही. चहा गार झाला विचार करताना.

बायको म्हणते, हे पत्र पोचायच्या आत तू काहीतरी करून बसलेली असशील. तिचं खोटं ठरव.

चष्म्या

५ एप्रिल

चष्म्या,

इकडे सगळं ठीक आहे. हवा बरी आहे. तुम्ही दोघं मजेत असाल.

तू विचारलंस म्हणून लिहिते, नाहीतर लिहिण्यासारखं काही नाही. बॉयलरवाल्याच्या मुलीचं लग्न आहे, वीस तारखेला. त्यासाठी त्यानं आपला कोट आमच्याकडे इस्त्रीला आणला होता. करडा, लोकरीचा, त्याच्या वडिलांचा. वडिलांनी त्याच्या लग्नात घातला, आता हा मुलीच्या लग्नात घालणार. चांगली वस्तू. इस्त्री करून बाहेरच्या खुंटीला टांगून ठेवला होता.

त्यावर कुणीतरी चिठ्ठी टोचली. पुस्तकात असते तशी. घाण. नुसती चिठ्ठी, बाकी काही नाही, घाबरवायला. आता आमच्याकडे कागद म्हणजे खुणेच्या चिठ्ठ्या. प्रत्येक गठ्ठ्याला टाचणीनं टोचलेल्या असतात, तेल, शाई, रक्त, म्हणजे कशात धुवायचं ते धुणाऱ्यांना कळतं. तर ती तसल्याच चिठ्ठीवर लिहिलेली. आणि कपडे निवडायच्या टेबलावर एक नवी आलीय, आठच दिवस झालेत तिला. तिनं कोट पाहिला, चिठ्ठी वाचली, आणि तिला शिकवलंय तसं केलं. घाण म्हणजे उकळतं पाणी, सोडा, चाळीस मिनिटं. तिची काय चूक त्यात?

कोट बाहेर आला तो पाच वर्षांच्या मुलाला झाला असता. लोकर पुठ्ठ्यासारखी जाड. बाह्या माझ्या कोपरापर्यंत.

बॉयलरवाल्यानं तो हातात घेऊन पाहिला. मला वाटलं ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं त्याची घडी घातली, कागदात गुंडाळला, काखेत मारला आणि गेला. लग्नाची रजा आहे म्हणतात, पण ती सोमवारपासून होती, आणि हा गेला गुरुवारी.

चिठ्ठी कुणी लिहिली ते कळत नाही. मॅनेजर म्हणतो रेडिओनं. आमच्यात धड लिहिता-वाचता येणारी तीच, पुस्तक वाचणारी तीच, पानं तिच्याच हातातून घेतलेली, म्हणजे राग तिलाच. तिला पंधरा दिवस घरी बसवलंय. जाताना रडत होती, मी नाही मी नाही करत. कुणी ऐकलं नाही.

एक विचारायचं होतं. एकोणीस पुस्तकांत तुझा घाण कधी चुकलाय का? चुकीच्या माणसाकडे गेलाय का? मला आठवत नाही, म्हणून विचारते. सहज.

ताई

८ एप्रिल

ताई,

तू पत्राची सुरुवात हवेनं केलीस तेव्हाच बायकोनं चष्मा लावला.

रेडिओ दहावी झालेली आहे. तिनं माझी पुस्तकं मोठ्यानं वाचलेली आहेत. तिनं चिठ्ठी लिहिली असती तर घण लिहिली असती. त्या नवीला "घण" हा शब्द कुठल्याच धुलाईत सापडला नसता, ती चिठ्ठी घेऊन कुणाला तरी विचारायला गेली असती, आणि कोट आज खुंटीवर असता. कोट उकळला, म्हणजे चिठ्ठीवर काना होता.

तुझी तिन्ही पत्रं माझ्यासमोर आहेत. मी कान्यांवर जगतो ताई.

अजून काही लिहीत नाही, तुला कळतं. तुझ्या प्रश्नाचं उत्तर मात्र देतो. नाही, घण कधीच चुकला नाही. एकोणीस पुस्तकांत एकदाही नाही. मी आज सगळी काढून पाहिली आणि मलाच कसंतरी झालं.

चष्म्या

१४ एप्रिल

चष्म्या,

घण. बघ, लिहिला. रेडिओनं माझ्याकडून शंभर वेळा गिरवून घेतला, फूटपट्टी हातात घेऊन. ती परत आलीय. क्रमानं सांगते, मध्ये मध्ये बोलू नकोस.

तुझं पत्र आलं तेव्हा आधी तुला मनसोक्त शिव्या दिल्या. मग पायऱ्या चढून वर मॅनेजरकडे गेले. म्हणाले, "त्या पोरीला बोलवा परत. चिठ्ठी माझी."

तो म्हणतो, "उगीच तिला वाचवू नका. तुम्हाला धड लिहिता तरी येतं का?"

"नाही येत. म्हणूनच तर हे सगळं झालं!"

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग खणातून ती चिठ्ठी काढून पाहिली. एकदम खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. खांदे हलत होते. मला वाटलं संतापला. वळला तेव्हा डोळे पुसत होता, हसून हसून. मग साहेबाचं तोंड परत लावलं आणि माझी महिनाभराची साप्ताहिक सुट्टी कापली. कापा म्हटलं. मग मी विचारलं, जे पंधरा दिवस आधी विचारायला हवं होतं. "आम्ही वाचतो हे तुम्हाला सांगितलं कुणी?"

"कुणी नाही. रोज दुपारी तीनला वाफ उतरायची, अर्धा तास. मी बॉयलरवाल्याला बोलावून विचारलं, तर नुसता टोपी फिरवत उभा. काही बोलेचना. म्हणून मीच आलो खाली, कुठला नळ गळतोय बघायला."

चष्म्या, मी जिन्यात बसले. तिथेच, चौथ्या पायरीवर.

तुझा घण अशा वेळी दार फोडून आत जातो. मी संध्याकाळी बॉयलरवाल्याच्या दारासमोर उभी राहिले, दोन जिने चढून, आणि कडी वाजवायलाच मला तुझी दहा पानं वाचून झाली असती इतका वेळ लागला. आतून खुर्च्या सरकवल्याचे आवाज, लग्नघर ते. त्यानं दार उघडलं. वाटेत मी वाक्य तयार केलं होतं, चांगलं मोठं. तोंडातून निघालं काय, तर "पाणी मिळेल का?"

त्यानं पाणी दिलं. मी प्यायले. पेला परत दिला. मग एका दमात, "चिठ्ठी मी टोचली. तुम्ही आमची चुगली केली असं वाटलं मला. कोणाला विचारलं नाही. मला फक्त घाबरवायचं होतं."

तो म्हणाला, "घाबरलो ना."

"कधी?"

"कोट हातात घेतला तेव्हा."

मग मीच विचारलं, "वाफ कशाला उतरवायचात हो?"

"फुसफुसते फार. ऐकू येत नाही."

"तुम्हाला?"

"मला. तुम्हाला पण येत नसणार, म्हटलं. ती पोरगी घसा ताणून वाचते."

"मग हे मॅनेजरला सांगायचं ना! तोंड आहे ना तुम्हाला?"

"सांगितलं असतं तर वाचन बंद झालं असतं."

म्हणजे तो उभा राहिला टोपी फिरवत, आमच्यासाठी, आणि मी त्याच्यावर चिठ्ठी टोचली. मी दारातच रडायला लागले, मोठ्यानं. त्याची मुलगी धावत आली, तिला वाटलं कुणी गेलं. बापाला म्हणते, "बाबा, काय केलंत तुम्ही ह्यांना?" त्याला बिचाऱ्याला आणखी एक आळ. तेवढ्यात मला हसू आलं, आणि एकदा आलं ते थांबेना.

मी म्हणाले, कोट आणा. लोकरीची मला अक्कल आहे, अक्षरांची नसली तरी. अस्तर उसवलं, कोमट पाण्यात साबणाचा फेस करून भिजवला, आणि तीन दिवस काम सुटल्यावर आम्ही अकरा जणींनी तो ओढला. पाच जणी ह्या बाहीला, पाच त्या बाहीला, आणि रेडिओ टेबलावर चढून "एक, दोन, ओढ! हळू! डावीकडच्या, जेवला नाहीत का?" ती नवी बारावी, खालची कड धरून सगळ्यात जोरात ओढत होती. मॅनेजर दारात येऊन बघून गेला. दुसऱ्या दिवशी टाचण्यांचा आख्खा डबा टेबलावर ठेवलेला सापडला. रोज ओला ओढायचा, फळीवर टाचायचा, तसाच वाळू द्यायचा. छाती आली, खांदे आले, बटणं लागतात. बाह्या चार बोटं आखूडच राहिल्या, त्यातली डावी पाच. बॉयलरवाल्यानं घालून पाहिला, हात पुढे केले, मनगटं बघितली आणि म्हणाला, "जेवताना बरं, मळणार नाही." आम्हाला सगळ्यांना लग्नाचं बोलावणं आहे. मी त्याच्या व्याह्यासमोर सांगणार आहे बाह्या कुणामुळे गेल्या ते. तो नको म्हणतो. मी सांगणारच.

आता तुझं काम.

पानं मॅनेजरनं परत दिली. काम झालेलं असेल तर तीन ते साडेतीन वाचा म्हणाला, आणि वाफेचं बघतो म्हणाला. शनिवारी आम्ही ऐकत ऐकत ठेकेदारापर्यंत आलो. हातोडा वर आणि पुढे कोरं. पानं मी बॉयलरवाल्याला घरी नेऊन दिली, त्यानं एका बैठकीत वाचली. म्हटलं, काय वाटतं, मारावं का? तो विचार करून म्हणाला, "मारू दे की. पण एकदा तरी चुकू दे त्याला. मग काय करतो बघू."

चष्म्या, मला हातोडा अजून आवडतो. हे लिहून ठेव. गोदामवाल्याला सोडलेलं मला पटलेलं नाही आणि पटणारही नाही. उद्या तो हॉटेलवाला परत आला तर मला तीनला घण लागणारच. पण तू पुस्तकात काय करतोस ते मला आता कळलं. तू पहिल्याच पानावर आम्हाला दूध दाखवतोस, त्यात पाणी घालणारा हात दाखवतोस. आम्ही स्वतः पाहिलेलं असतं. मग हातोडा पडला की आम्ही निश्चिंत. इथे मला कुणी पहिलं पान दाखवलं नव्हतं. मी एक टोपी पाहिली आणि बाकीचं पुस्तक स्वतःच रचलं. तो तुझा सात नावांचा म्हाताराही तेच करत असेल. त्याला शोध आणि धाकट्या भावानं काय केलं ते विचार. बसवून, पाणी देऊन विचार.

तर शेवटचं प्रकरण असं हवं. ठेकेदार तो माणूस नव्हेच. पूल त्यानं बांधलेला नाही. हातोडा त्याच्या गुडघ्यावर नको पडू देऊस, मुलीचं लग्न असेल त्याच्या, पण काहीतरी मोडू दे, जे परत पहिल्यासारखं व्हायचं नाही. आणि मग घणाला कळू दे. मग त्याला त्या माणसाच्या दारात उभा कर, संध्याकाळी, सगळे घरात असताना. आणि तो कडी वाजवतो तिथून पुढे एकही ओळ गाळू नकोस. रेडिओला मी सांगून ठेवलंय की ह्या वेळी सगळं वाचायचं, कुणी जेवण टाकलं तरी.

बॉयलरवाला लग्न उरकून तेवीस तारखेला, बुधवारी, कामावर येतोय. तीन वाजता त्याचं स्टूल भिंतीच्या आमच्या बाजूला मांडायचं ठरलंय. म्हणून पानं मला मंगळवारी, बावीस तारखेला, हातात हवीत. तातडीच्या टपालानं पाठव, नाहीतर स्वतः घेऊन ये, वहिनीला पण आण. अडलं, सुचलं नाही, चहा गार झाला, हे ऐकणार नाही. दार उघडल्यावर घण पहिलं वाक्य काय बोलतो? मला सुचलं नव्हतं, मी पाणी मागितलं. तू वीस पुस्तकं लिहिणारा माणूस आहेस, तुला ह्याहून बरं सुचायलाच हवं. मंगळवारपर्यंत सांग.

ताई